बांधाचा ३० म्हणजे ३० काय? कॅप्शनच्या एका पॅचचा रिव्ह्यू

सरांनी प्रूफच्या एका पानाचा फोटो व्हॉट्सॅपवर टाकला आणि खाली लिहिलं, "दक्षिणेकडच्या बांधाचा ३०. म्हणजे ३० काय रे?" बघितलं तर फोटोखाली खरंच तेवढंच छापलेलं, 'दक्षिणेकडच्या बांधाचा ३०', पुढे पूर्णविरामसुद्धा नाही, आणि सुरवातीला 'आकृती' हा शब्द नाही की नंबर नाही. मूळ फाइल उघडली तर वाक्य धडधाकट होतं, दक्षिणेकडच्या बांधाचा ३०% भाग पहिल्याच पावसात खचलेला. पीडीएफ मात्र एकही एरर न देता तयार झालेली. एरर आला असता तर मी वैतागलो असतो, तो न आल्यामुळे घाबरलो.

नशीब एवढंच की हा पॅच, म्हणजे आमच्या टूलच्या कोडमध्ये सुचवलेला बदल, तेव्हा मर्ज झालेला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतलेला, नव्हता, सर फक्त ट्रायल घेत होते. पण मी त्यावर आदल्या रात्रीच "कोड ठीक वाटतोय, उद्या घेतो" असं लिहून बसलेलो. म्हणून हे प्रकरण सुरवातीपासून लिहून ठेवतोय, माझी चूक धरून.

आमचा चार-पाच जणांचा ग्रुप आहे, मी फोंड्याला, पॅच लिहिणारी मुलगी डिचोलीची, सर निवृत्त मास्तर. आम्ही खाजन जमिनींचे छोटे अहवाल बनवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी, खाजन म्हणजे मांडवी-जुवारीसारख्या नद्यांच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात बांध घालून मिळवलेली सखल जमीन, तिथे कोरगुटसारखं खारं पाणी सोसणारं भात होतं, आणि बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार, भरतीचं पाणी ढकलतं तशी फळी आपोआप मिटते आणि ओहोटीला आतलं पाणी तिला बाहेर ढकलून वाट काढतं. बांध फुटला की खारं पाणी शेतात, आणि मग पुढचे काही हंगाम विसरा. अहवालात त्यामुळे फोटो आणि तक्ते भरपूर, कुठली मानस, कितवी फळी कुजली, बांध कुठे खचला.

मजकूर मराठीत. पण कॅप्शन मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लागते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीही सरकारी कामाला वापरता येते हे खरं, पण इंजिनियरच्या टेबलावर फाइल इंग्रजीतच चालते आणि तो माणूस आमची चाळीस पानं वाचत नाही, फोटो बघतो आणि फोटोखालची ओळ वाचतो. म्हणजे आमच्या अहवालातला सगळ्यात जास्त वाचला जाणारा मजकूर कॅप्शनच. हे आधी सांगतोय कारण नंतर कुणीतरी विचारेल की एका ओळीसाठी एवढी मारामारी कशाला.

टूल असं आहे. लिखाण ईमॅक्स या एडिटरच्या ऑर्ग-मोडमध्ये, म्हणजे साध्या खुणांच्या मजकुरात, तिथून लेटेक, म्हणजे छपाईची मांडणी करणारी कमांडची भाषा, तिथून झीलेटेकने पीडीएफ, कारण देवनागरीचे ओपनटाइप फॉन्ट त्यात सरळ चालतात. ऑर्गचा एक्सपोर्टचा भाग २०१३ च्या ८.० आवृत्तीत नव्याने बांधला गेला आणि त्याचा सगळ्यात मोठा फायदा हा की तयार बॅकएंड, म्हणजे ऑर्गचा मजकूर दुसऱ्या फॉरमॅटमध्ये वळवणारा भाग, घेऊन त्याच्यावर आपला छोटा बॅकएंड बेतता येतो, जे बदलायचं तेवढंच बदलायचं, बाकीचं मूळचं. आमचा तसाच आहे. त्यात आमच्या पदरच्या दोन गोष्टी, एक फोटोजोडी म्हणजे दोन फोटो शेजारी-शेजारी लावणारा ब्लॉक, आणि दुसरी पानापानावर वाहणारा लांब तक्ता.

आता ऑर्गमध्ये कॅप्शन देण्याच्या दोन वाटा आहेत. साधी वाट म्हणजे फोटोच्या वर कॅप्शनचा कीवर्ड लिहायचा, मग ऑर्ग तो मजकूर स्वतः वाचतो, ठळक-तिरकं असेल ते लेटेकमध्ये वळवतो, टक्के-अँपरसँडसारखी नाठाळ चिन्हं सांभाळून घेतो, आणि कॅप्शन कमांडमध्ये घालून मागे लेबल, म्हणजे मजकुरातून त्या आकृतीचा नंबर मागवायचं नाव, जोडून देतो. दुसरी वाट म्हणजे लेटेकच्या अॅट्रिब्यूटच्या ओळीत, म्हणजे लेटेकसाठी खास सूचना द्यायच्या ओळीत, कोलन-कॅप्शन (:caption) लिहून पुढे कच्चं लेटेक द्यायचं. हे कच्चं म्हणजे कच्चंच, ऑर्ग त्याला हात लावत नाही, जसंच्या तसं ओततो, साध्या कॅप्शनपेक्षा त्यालाच मान देतो, आणि लेबलसुद्धा जोडत नाही, ते तुमचं तुम्ही लिहायचं. दोन भाषांची कॅप्शन हवी असेल तर बायकॅप्शन नावाचं पॅकेज आहे, त्याची कमांड दोन मजकूर घेते, ती याच वाटेने द्यायची. ऑर्गच्या मॅन्युअलमध्ये उदाहरणसुद्धा बायकॅप्शनचंच आहे.

ही दुसरी वाट आमच्या फोटोजोडीला आणि लांब तक्त्याला नव्हती, कारण ते आम्ही स्वतः लिहिलेलं आणि तेव्हा कुणाला सुचलं नाही. डिचोलीवालीने पॅच पाठवला, कोड साधारण चाळीस ओळी, डॉक्युमेंटेशन दहा-बारा ओळी, एक टेस्ट. पहिल्याच पॅचसाठी फारच नीटनेटकं, कमिट मेसेजमध्ये फाइलचं नाव, फंक्शनचं नाव, काय बदललं, सगळं जागच्या जागी, मी स्वतः आळसाने "फिक्स" एवढंच लिहून ढकलतो.

पहिल्या वाचनात मला तीन गोष्टी दिसल्या आणि त्या तिघींवर मी स्वतःवर खूश झालो. एक, फ्लोट, म्हणजे लेटेक फोटोला ज्या चौकटीत घालून पानावर बसवतं ती. आमचा कोड फोटोला फिगरच्या चौकटीत घालायचं की नाही हे साध्या कॅप्शनचा कीवर्ड आहे का यावरून ठरवतो. आता कुणी फक्त कच्ची कॅप्शन दिली तर कीवर्ड नाही, म्हणून चौकट नाही, आणि कॅप्शन कमांड चौकटीबाहेर पडते, लेटेक लगेच "कॅप्शन आउटसाइड फ्लोट" म्हणून हात वर करतं. अट दोन्हीकडे बघणारी हवी, आणि रिकामी कॅप्शन आली तर तिला नाहीच समजायचं. पाच मिनिटांचं काम.

दोन, लांब तक्ता. तिथे कॅप्शन तक्त्याच्या बाहेर नसते, ती तक्त्याची एक ओळच असते, म्हणून तिच्या शेवटी ओळ संपल्याची खूण म्हणजे दोन बॅकस्लॅश लागतात. आमच्या जुन्या कोडमध्ये त्या होत्या, तिने कच्च्या कॅप्शनसाठी वेगळी फांदी काढली त्यात राहून गेल्या. मग पुढची आडवी रेघ आली की "मिसप्लेस्ड नोअलाइन", जो एरर आयुष्यात पहिल्यांदा बघणाऱ्याला काही म्हणजे काही सांगत नाही. मी तिला विचारलं की तक्त्यावर चालवून बघितलंस का, तर म्हणाली, "दादा, छोट्या तक्त्यावर बघितलं, त्यात चाललं." बरोबरच आहे, छोटा तक्ता वेगळ्या वाटेने जातो.

तिसरी गोष्ट लेबलची, आणि ती जरा सविस्तर सांगतो कारण पुढे तिथेच पाय घसरला. लेटेकमध्ये आकृतीचा नंबर वाढवते ती कॅप्शन कमांड. लेबल म्हणजे नुसतं "आत्ता जो नंबर चालू आहे त्याला हे नाव" एवढीच नोंद. त्यामुळे लेबल कॅप्शनच्या नंतरच यायला हवं, आधी आलं तर त्या क्षणी चालू असलेला नंबर धरला जातो, आणि तो असतो सेक्शनचा. पॅचमध्ये लेबल कॅप्शनच्या वर छापलं जात होतं. का, तर कच्ची कॅप्शन किती ओळींची असेल माहीत नाही म्हणून लेबल आधीच उरकून टाकलं, असं तिचं लॉजिक. आता गंमत बघा, आमचा अहवाल रिपोर्ट क्लासमध्ये असतो, त्यात आकृत्यांचे नंबर प्रकरणानुसार पडतात, ४.१, ४.२, आणि सेक्शनचे नंबरही तसेच, ४.१, ४.२. म्हणजे मजकुरात "आकृती ४.२ पाहा" असं छान छापून येतं, फक्त तो ४.२ सेक्शनचा असतो आणि आकृती असते ४.५. चुकीचं पण दिसायला शहाण्यासारखं. असली चूक प्रूफमध्ये कुणाला दिसत नाही, ती दिसते थेट साइटवर, जेव्हा माणूस अहवाल हातात घेऊन भलत्याच मानशीसमोर उभा असतो.

तर या तीन गोष्टी मी लिहून पाठवल्या, तिने दोन दिवसांत सुधारून दुसरी आवृत्ती दिली, मी पुन्हा फक्त कोडचा भाग वाचला, टेस्ट चालवली, हिरवी, म्हणजे पास. डॉक्युमेंटेशनचा भाग मी खरं सांगायचं तर स्क्रोल केला. शुद्धलेखन बघितलं, बस. आणि तेव्हाच ते "ठीक वाटतोय" लिहिलं. बाहेर धो-धो पाऊस, लाईट जाऊन-येऊन, लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली, ही सबब नाही पण होतं तसं.

दुसऱ्या दिवशी सरांचा तो फोटो आला.

सरांना कोड येत नाही आणि शिकायचाही नाही, ते अहवाल लिहितात आणि आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये जे छापलंय ते जसंच्या तसं करतात, कमी नाही जास्त नाही. असा वाचक मिळणं भाग्य आहे आणि डोकेदुखीही. त्यांनी नवीन ब्रँच, म्हणजे पॅच लावलेली कोडची वेगळी प्रत, घेतली, एका जुन्या अहवालाची फाइल जशी होती तशी एक्सपोर्ट केली, आणि शिवाय नवीन उदाहरण डॉक्युमेंटेशनमधून कॉपी करून एका फोटोला लावलं.

जुन्या फाइलचं काय झालं ते आधी. फोटोजोडीमध्ये कोलन-कॅप्शन हे अॅट्रिब्यूट आधीपासून होतं! मीच कधीतरी घातलेलं, आणि त्याचा अर्थ होता साधा मजकूर, म्हणजे तुम्ही ओळ लिहा, टूल टक्केबिक्के सांभाळून कॅप्शन कमांडमध्ये घालून देईल. पॅचने त्याच नावाचा अर्थ बदलून ऑर्गसारखा केला, कच्चं लेटेक. तिच्या बाजूने बघितलं तर हे सुधारणेचंच काम, सगळीकडे एका शब्दाचा एकच अर्थ. पण जुन्या फाइलमधली साधी ओळ आता कच्चं लेटेक म्हणून गेली, त्यात कॅप्शन कमांडच नाही, म्हणून ती फोटोखाली साध्या परिच्छेदासारखी छापली, ना 'आकृती' ना नंबर, आणि लेटेकमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे कॉमेंट, तिथून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं अदृश्य. बांधाचा ३०, संपलं. ज्या फोटोंच्या ओळीत टक्का नव्हता त्यांच्या ओळी पूर्ण छापल्या, पण नंबर त्यांनाही नाही, म्हणून पुढच्या सगळ्या आकृत्यांचे नंबर खाली सरकले, आणि या फोटोंच्या लेबलांनी पुन्हा सेक्शनचा नंबर धरला, म्हणजे मी आधी मोठ्या ऐटीत पकडलेली चूक मागच्या दाराने घरात. लेटेकच्या दृष्टीने यातलं काहीच चुकीचं नाही. लॉग स्वच्छ. टेस्ट हिरवी, कारण टेस्ट काय तपासत होती, तर दिलेली कच्ची कॅप्शन आउटपुटमध्ये जशीच्या तशी आहे का. आहेच की.

आता डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण. तिने लिहिलं होतं, "कोलन-कॅप्शनपुढे हवी तशी कॅप्शन लिहा", आणि खाली बायकॅप्शनचं उदाहरण. उदाहरण बरोबर होतं. पण "हवी तशी" या दोन शब्दांनी घात केला. सरांनी उदाहरणाच्या कंसातला मजकूर बदलून आपला घातला, मराठी भाग आणि इंग्रजी भाग, आणि इंग्रजी भागात सवयीप्रमाणे कोलनच्या आधी स्पेस देऊन पुढचा शब्द कोलनला चिकटवून लिहिला. आपल्याकडे असं टाइप करणारे पुष्कळ आहेत, मीही करतो. ऑर्ग अॅट्रिब्यूटची ओळ वाचतो तेव्हा स्पेस, मग कोलन, मग त्याला चिकटलेला रोमन अक्षरांचा शब्द, असं दिसलं की त्याला वाटतं नवीन अॅट्रिब्यूट सुरू झालं. मग कॅप्शन तिथेच तुटली, शेवटचा महिरपी कंस पलीकडे राहिला, आणि लेटेक "रनअवे आर्ग्युमेंट" म्हणून ओरडत सुटलं. विशेष म्हणजे मराठी भागातही सरांनी तसाच कोलन टाकला होता, तिथे काही झालं नाही, कारण तो पॅटर्न रोमन अक्षरं आणि आकडेच बघतो, देवनागरीकडे ढुंकून बघत नाही. मी आणि ती दोघं अर्धा तास फोनवर, की मराठीत चालतं आणि इंग्रजीत का नाही, कितें रे हें, नेहमी उलटं असतं!

मग खरी चर्चा झाली ती नावावर. तिचं म्हणणं, ऑर्गमध्ये कोलन-कॅप्शन म्हणजे कच्चं, आपल्याकडे दोन ब्लॉकमध्ये दोन अर्थ ठेवले तर नवीन माणूस गोंधळणार, जुन्या फाइली एकदा बसून बदलून टाकू. माझं म्हणणं, जुन्या फाइली फक्त आमच्याकडे नाहीत, त्या ज्यांना दिल्या त्यांच्याकडेही आहेत, आणि जिथे चूक झाल्यावर एरर येत नाही तिथे "बदलून टाकू" चालत नाही. मग तिने सुचवलं की ओळ बॅकस्लॅशने सुरू झाली तर कच्ची समजू, नाहीतर साधी. हुशार आहे, मला मोह झाला. पण उद्या कुणी कच्च्या कॅप्शनच्या आधी फॉन्टचा आकार बदलायला महिरपी कंस उघडला की अंदाज चुकला, आणि तोही पुन्हा गुपचूप. अंदाज बांधणारा कोड चुकतो तेव्हा समजवायला फार अवघड जातो.

शेवटी ठरलं ते दिसायला कुरूप आहे. फोटोजोडीत कोलन-कॅप्शनचा जुना अर्थ तसाच राहिला, कच्च्यासाठी नवीन नाव, कच्ची-कॅप्शन अशा अर्थाचं. लांब तक्त्यात आधी काहीच नव्हतं म्हणून तिथे ऑर्गसारखंच. आणि फोटोजोडीच्या साध्या कॅप्शनमध्ये बॅकस्लॅश दिसला तर एक्सपोर्टच्या वेळी एक इशारा, की तुम्हाला कच्ची म्हणायची आहे का. तिला हे आवडलेलं नाही, आणि तिचं म्हणणं पूर्ण चूकही नाही, मी फक्त कमी नुकसानीची बाजू घेतली. लेबलबाबत मात्र आम्ही ऑर्गपेक्षा वेगळं केलं, कच्ची कॅप्शन असली तरी टूल तिच्या मागे लेबल जोडतं. कुणी आत स्वतःचं लेबल लिहिलं असेल तरी बिघडत नाही, एका नंबराला दोन नावं चालतात, फक्त नाव तेच असेल तर लेटेक दुबार लेबलचा इशारा देतं, आणि तो लॉगमध्ये दिसतो तरी.

टेस्ट आता दोन जास्त आहेत. एकीत जुन्या अहवालाची खरी फाइल, टक्क्यासकट, आणि ती तपासते की कॅप्शन कमांड जितक्या आधी निघत होत्या तितक्याच निघतात. दुसरीत डॉक्युमेंटेशनमधलंच उदाहरण उचलून एक्सपोर्ट होतं, म्हणजे उदाहरण कुणी बदललं आणि बिघडवलं तर टेस्ट लाल. हे तिचं डोकं, माझं नाही.

एक गोष्ट तशीच सोडली आहे. साध्या कॅप्शनमध्ये चौकटी कंसात छोटी कॅप्शन देता येते, ती आकृत्यांच्या यादीत जाते आणि लांबलचक ओळ फोटोखाली. कच्ची दिली की साधीच बाजूला पडते, तिच्याबरोबर छोटीही. सरांच्या कॅप्शन पाच-सहा ओळींच्या असतात, मानशीच्या प्रत्येक फळीचा इतिहास त्यात, तर आकृत्यांची यादी आता अहवालातलं एक स्वतंत्र प्रकरण झाली आहे. बायकॅप्शनच्या कमांडमध्येच दोन्ही भाषांसाठी छोटी कॅप्शन देण्याची जागा आहे, म्हणून कोड बदलायचा नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये लिहायचं, एवढं ठरलं.

आणि ते लिहायचं कुणी, तर या खेपेला आम्ही सरांना सांगितलं. त्यांनी "हवी तशी कॅप्शन लिहा" खोडलं आणि लाल शाईत कागदावर लिहून फोटो पाठवला: "इथे जे लिहाल ते जसंच्या तसं लेटेककडे जातं, टूल त्याला हात लावत नाही. कोलनच्या आधी स्पेस सोडून इंग्रजी शब्द चिकटवू नका. टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ (बॅकस्लॅश) विसरलात तर पुढचा बांध वाहून जाईल." शेवटचं वाक्य मॅन्युअलमध्ये शोभत नाही, काढू या, असं मी रिव्ह्यूमध्ये लिहिलं. तिने उत्तर दिलं, "दादा, बाकी सगळं बदलते, हे राहू दे," आणि सरांनी लगेच अंगठा दाखवला. दोनास एक, राहिलं.